अंग आंबलंय? मग जोर काढू नका: घरच्या घरी ‘तुई ना’

चिनी भाषेत लिंबू ‘सुआन’, जुनं दही ‘सुआन’ आणि दिवसभर लॅपटॉपपुढे बसून भरून आलेले खांदेही ‘सुआन’. सुआन म्हणजे आंबट. शांघायला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. लग्नघरात दोन दिवस राबून आलेली माझी आई उंबऱ्यातच पिशवी टेकवून हेच म्हणायची, “अंग नुसतं आंबून गेलंय रे.”

पुढे ‘तुई ना’ ही चिनी मालीश शिकताना दहा आकृत्यांपेक्षा हा एक शब्द जास्त उपयोगी पडला. बोट टेकवून दाबल्यावर समोरच्याला आंबल्यासारखं, जडसर, थोडं हवंहवंसं दुखलं, तर जागाही बरोबर आणि दाबही बरोबर. सणक गेली, टोचलं, चटका बसला किंवा मुंग्या आल्या, तर हात लगेच उचलायचा. आपल्याकडे मालीश म्हटलं की जोर आलाच. “जरा दम लावून चोळ की,” असं पडून असलेला माणूसच फर्मावतो. तुई नामध्ये जोर सगळ्यात शेवटी येतो, आणि पुष्कळदा तो लागतही नाही.

मी वैद्य नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं शांघायला होतो. मान धरली म्हणून उपचार घ्यायला गेलो आणि मग शनिवारच्या वर्गाला बसायला लागलो. त्यामुळे खाली जे सांगतोय ते घरच्या माणसाने घरच्या माणसाला करून देण्यापुरतं.

हे नेमकं काय आहे

‘तुई’ म्हणजे ढकलणं, ‘ना’ म्हणजे पकडून उचलणं. याचं जुनं नाव ‘आनमो’, म्हणजे दाबणं आणि चोळणं. थांग राजवटीत (618–907) दरबारी वैद्यक खात्यात आनमोचा स्वतंत्र विभाग होता. जपानी मालिशीचं ‘आनमा’ हे नाव याच शब्दावरून गेलं. ‘तुई ना’ हे नाव मिंग काळात (1368–1644) पुढे आलं, तेही आधी लहान मुलांवरच्या उपचारांतून. शांघायला 1958 मध्ये याची रीतसर शाळा निघाली. आज तिथल्या पारंपरिक चिकित्सेच्या रुग्णालयांत तुई नाचा वेगळा विभाग असतो आणि लोक केसपेपर काढून रांगेत बसलेले दिसतात. पायांच्या मालिशीची रस्तोरस्ती दिसणारी दुकानं हा निराळा प्रकार.

उपचाराच्या खोलीत तेलाचा वास नसतो. पेशंट कपड्यांनिशी झोपतो, त्याच्यावर एक सुती कापड टाकतात आणि हात त्या कापडावरून चालतो. घरात सासूबाईंची पाठ किंवा वडिलांचे खांदे दाबून द्यायचे असतील तर ही पद्धत संकोच न वाटणारी आहे. नंतर चादरीला तेलाचे डागही नाहीत.

यामागचा चिनी विचार एका ओळीत मावतो: ‘बू थोंग, ज थोंग’. पहिला थोंग म्हणजे वाहतं असणं, दुसरा म्हणजे दुखणं. दोन्हींत फरक फक्त सुराचा. अडलं की दुखतं. काय अडतं, तर ‘ची’, म्हणजे अंगातून वाहणारी प्राणशक्ती, आणि रक्त. ची कुठल्या यंत्रात दिसत नाही, आणि ती मानल्याशिवाय हात शिकता येत नाही असंही नाही. ऊब, लयीतला दाब, आखडलेला स्नायू सैल होणं आणि वीस मिनिटं कुणीतरी आपल्याकडे लक्ष देणं, एवढ्यानेही दुखणं उतरतं. संशोधनाचं म्हणाल तर मालिशीने कंबरदुखीत थोड्या काळापुरता आराम पडतो असं दिसतं, पण पुरावा भक्कम नाही. झिजलेला सांधा मालिशीने भरून येत नाही. कुणी तसं सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

हात लावण्याआधी विचारायचं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण गाळू नका.

ताप आहे का? पडणं-आपटणं झालंय का? हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? कॅन्सरचा इतिहास आहे का? एकाच पायाची पोटरी सुजून गरम आणि दुखरी झालीय का? यातल्या कशालाही ‘हो’ आलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पोटरीचं तर अजिबात नाही. आत रक्ताची गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. लालबुंद, गरम, सुजलेल्या सांध्यावर मालीश नाही. जखम, पुरळ, नागीण असलेल्या कातडीवरही नाही.

कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मानेच्या किंवा खांद्याच्या दुखण्यासोबत छाती दाटली, घाम फुटला, तरी तेच.

गरोदर बाईच्या कंबरेवर, पोटावर, खांद्याच्या ‘जियानजिंग’ आणि अंगठा व तर्जनीमधल्या ‘हेगू’ या बिंदूंवर चिनी वैद्य दाब देत नाहीत. आपणही देऊ नये. जेवून उठल्यावर तासभर थांबा.

आणि मान मोडणं. सलूनमध्ये दाढी झाल्यावर कटकन मान फिरवून देतात, तो प्रकार कुणाकडूनच करून घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने चीर पडू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. तुई नामध्येही सांधे फिरवण्याचे हात आहेत, पण ते वर्षानुवर्षं शिकलेल्यांचे.

आधी तांदळाची पिशवी

वर्गात पहिला महिना आम्हाला माणसाच्या पाठीला हात लावू दिला नाही. प्रत्येकापुढे एक पिशवी ठेवली, तांदूळ भरून शिवलेली. पिशवीवर हात बसवण्याची रीत तिथे जुनी आहे. घरी करायची तर जुन्या सुती चादरीची वीतभराहून थोडी लांब पिशवी शिवा, दीड किलो जाड तांदूळ भरा, तोंड पक्कं शिवून टाका. फार गच्च भरू नका. हात ठेवल्यावर तांदूळ थोडा सरकला पाहिजे.

या पिशवीवर शिकायचा तो ‘गुन फा’, लोळवण्याचा हात. तुई नाचा हा सगळ्यात ओळखीचा हात, तरी फार जुना नाही. शांघायच्या डिंग जीफेंग यांनी 1940 च्या दशकात तो बसवला. त्याआधी मुठीच्या पेरांनी लोळवत. ती पेरं पेशंटला टोचत. डिंगनी हाताच्या पाठीचा करंगळीकडचा मांसल भाग वापरायला सुरुवात केली.

तो असा करायचा. मूठ अगदी सैल, जणू आत चिमणीचं पिल्लू आहे. करंगळीच्या बुडाचं हाड पिशवीवर टेकवा. आता कोपरापासून पुढचा हात फिरवत मनगट वाकवा, म्हणजे हाताची पाठ करंगळीकडून मधल्या बोटाच्या बुडापर्यंत पिशवीवर लोळते. तसाच परत आणा. पोळपाटावर लाटणं फिरतं तसं. लाटणं घसरलं की पोळीला सुरकुती पडते. इथेही हात घसरता कामा नये, आपटता कामा नये. खांदा खाली सोडलेला, कोपर थोडं बाहेर, काखेत एक मूठ मावेल एवढी जागा. पुढे जाताना दाब जास्त, परत येताना कमी.

वेग मिनिटाला 120 ते 160 वेळा. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं अ‍ॅप, लावून 120 वर सुरुवात करा. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत मनगट भरून येतं आणि करंगळीच्या बुडाची कातडी लाल होते. माझी तर सोलवटली होती. आमच्या लाओशी, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, मागून येऊन माझ्या खांद्यावर नुसतं एक बोट ठेवत. बोट ठेवलं की कळायचं, खांदा कानाला जाऊन भिडलाय.

त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलेल्या कसोट्या चार: हात टिकला पाहिजे, त्यात ताकद हवी, तो एकसारखा चालला पाहिजे, आणि मऊ हवा. या चारी जमल्या की दाब आपोआप खोल उतरतो. आपण नेमकं उलटं करतो. आधी खोल जायला बघतो आणि दीड मिनिटात दमून “झालं का?” विचारतो.

रोज दहा मिनिटं, दोन आठवडे पिशवी करा. तेवढा धीर नसेल तर गुन फा सोडा आणि तळहाताने मळण्याचा ‘रोउ’ हात वापरा. यात तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवून सावकाश गोल फिरवायचा. अट एकच: हात कातडीवरून सरकायचा नाही, कातडीसकट खालचं मांस फिरलं पाहिजे.

मान आणि खांदे: वीस मिनिटांचा क्रम

माणसाला खुर्चीवर बसवा. समोर टेबल, टेबलावर उशी, उशीवर दुमडलेले हात आणि त्यावर कपाळ. तुम्ही मागे उभे. नखं कापलेली, अंगठी-घड्याळ काढलेलं. खांद्यांवर पातळ सुती पंचा टाका.

पहिलं मिनिट नुसते तळहात ठेवून मानेकडून खांद्याच्या टोकाकडे सावकाश फिरवा. कुठली बाजू दगडासारखी झालीय ते इथेच कळतं. जास्त दुखणारी बाजू आधी घेऊ नका. बऱ्या बाजूने सुरुवात केली की माणूस सैल पडतो.

मग गुन फा किंवा रोउ, प्रत्येक बाजूला चार मिनिटं. मानेच्या बुडापासून खांद्याच्या टोकापर्यंत अगदी हळू सरकत जायचं, जागच्या जागी पाच-सहा वेळा लोळवून बोटभर पुढे. मणक्यावर आणि उघड्या हाडावर नाही. मानेच्या पुढच्या बाजूला तर हात न्यायचाच नाही, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या असतात.

आता ‘ना’, पकडून उचलणं. मानेच्या मागचं मांस एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं असं धरा. बोटांची टोकं रुतवू नका, सपाट बाजूने धरा. उचला, क्षणभर थांबा, सोडा. केसांच्या रेषेपासून खांद्यापर्यंत दोन मिनिटं. खांद्यावरचा जाड पट्टाही असाच. मांजर पिल्लाला मानगुटीला धरून उचलते, पण पिल्लू ओरडत नाही. तशी पकड.

यानंतर बिंदू. जागा मोजायला चिनी लोक ‘त्सुन’ वापरतात: पेशंटच्याच अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन, चार बोटं जुळवून तीन त्सुन. आपल्या आयुर्वेदातही माप ज्याच्या त्याच्या अंगुळांचंच असतं, त्यामुळे हे परकं वाटणार नाही.

‘फेंगची’, म्हणजे वाऱ्याचा डोह: कवटीच्या खाली, मानेमागच्या दोन जाड स्नायूंच्या बाहेरच्या बाजूला दोन खळगे लागतात, तिथे. एका हाताने कपाळाला आधार देऊन दुसऱ्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट दोन्ही खळग्यांत ठेवा, दाब थोडा वरच्या दिशेला. ‘जियानजिंग’, खांद्याची विहीर: मान खाली घातल्यावर वर येणारा मोठा मणका आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये. ‘तियानझोंग’: खवाट्याच्या मध्यावर. लॅपटॉपवाल्यांची इथे हमखास किंकाळी निघते, तेव्हा बोट अलगद टेकवा. प्रत्येक ठिकाणी दाब हळूहळू वाढवत न्या, आंबल्यासारखं वाटलं की तिथेच धरून तीन सावकाश श्वास, आणि दाब सोडायचा तोही हळूहळू. एकदम सोडलेला दाब उगाच ठणकतो.

नकाशातल्या बिंदूंपेक्षा मला चौथा प्रकार जास्त आवडतो, ‘आशी’. आशी म्हणजे साधारण “हां, इथंच!” सातव्या शतकातला वैद्य सुन सिमियाओ याने लिहून ठेवलंय की दाबत गेल्यावर रोगी जिथे असं ओरडतो तो बिंदू. आपल्याकडे पाठ दाबून घेताना “हां हां, तिथंच, थोडं खाली” चालतं ते हेच. तो बिंदू सापडला की अंगठ्याने जागच्या जागी मिनिटभर मळा.

मान अवघडली असेल तर आणखी एक. रात्री वेडंवाकडं झोपून धरलेल्या मानेला चिनी शब्द आहे ‘लुओझेन’, उशीवरून घसरणं. त्याच नावाचा बिंदू हाताच्या पाठीवर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुठीच्या हाडांमध्ये जरा मागे. तो दाबून धरा आणि माणसाला स्वतःहून मान हळूहळू दोन्हीकडे वळवायला सांगा, दुखेल तिथपर्यंतच. त्याची मान तुम्ही वळवायची नाही.

शेवटी सैल मुठीने खांद्यांवर हलकं थोपटा, तळहात फिरवा, पंचा काढा. उठायची घाई नको; काहींना चक्कर येते.

कंबर

अचानक वाकल्यावर कंबर धरते त्याला चिनीत ‘शान याओ’ म्हणतात. याओ म्हणजे कंबर, आणि शान या अक्षराचा एक अर्थ चमकणं. कंबरेत चमक भरली, झालं. अशी चमक ताजी असताना पहिले दोन दिवस रगडारगडी नको. सोसेल तेवढं घरात चालत राहा, अंथरुणाला खिळू नका. मालीश नंतर.

माणसाला जमिनीवर घडी घातलेल्या सतरंजीवर पालथं झोपवा. गादी नको, तुमचा सगळा दाब तीच पिऊन टाकते. पोटाखाली पातळ उशी. पालथं झोपणं जमत नसेल तर कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं सोडून जे उभे पट्टे आहेत, त्यांवर बरगड्यांच्या खालपासून नितंबांपर्यंत गुन फा किंवा रोउ, दर बाजूला पाच मिनिटं. नितंब टाळू नका. लाजेपायी लोक कंबरच चोळत बसतात, आणि आखडलेला स्नायू खाली नितंबात असतो. तिथे कोपराजवळचा सपाट हात टेकवून वजन सावकाश सोडलं तर बोटांना त्रास होत नाही.

बिंदू दोनच सांगतो. ‘शेनशू’: साधारण बेंबीच्या पातळीवर, मणक्यापासून दोन बोटं बाहेर, दोन्हीकडे. आणि ‘वेइचोंग’: गुडघ्यामागच्या घडीच्या मध्यावर. चिनी वैद्यांच्या एका पाठांतराच्या पद्यात आहे, कंबर-पाठ दुखली तर वेइचोंग शोधा. दुखतंय कंबरेत आणि बोट गुडघ्यामागे, हे आईला काही पटेना. “अरे, दुखतंय कुठं, दाबतोस कुठं?” इथे खालून रक्तवाहिनी जाते, तेव्हा अंगठ्याच्या मऊ भागाने हलकं मळायचं, रुतवायचं नाही.

शेवटचा हात ‘त्सा’: कंबरेवर उघड्या कातडीला थोडं तिळाचं तेल लावून तळहाताच्या कडेने आडवं, सरळ रेषेत घासत राहायचं. आतून ऊब पसरली की लगेच थांबा, पुढे कातडी सोलते. चिनी घरांत तेलाऐवजी आल्याचा रसही वापरतात.

गुडघा

लोक गुडघ्याची वाटीच चोळत बसतात. कामाची जागा मांडी आहे. पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर चार-पाच मिनिटं गुन फा, मग ना. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना खळगे असतात, त्यांना ‘गुडघ्याचे डोळे’ म्हणतात. तिथे अंगठ्यांनी हलकं मळा. बाहेरच्या डोळ्यापासून चार बोटं खाली आणि नडगीच्या हाडापासून बोटभर बाहेर ‘त्सूसानली’, तिथे तीन श्वास. दोन्ही तळहातांत गुडघा धरून गरम होईपर्यंत घासा. संपलं. नंतर खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा व्यायाम दहा वेळा करून घ्या, कारण मांडी बळकट झाल्याशिवाय गुडघ्याचं रडगाणं थांबत नाही.

बाम, दिवस आणि तुमचे अंगठे

गुन फाला तेल चालत नाही, हात घसरतो. चिनी मलमांत विंटरग्रीनचा वास येतो, तोच आपल्या ओळखीच्या दुखण्यावरच्या मलमांतही असतो. त्यातला घटक मिथाइल सॅलिसिलेट. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी असं मलम चोपडू नये, औषधाचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. मलमावर लगेच गरम पाण्याची पिशवीही नको, कातडी भाजते.

एका वेळी एकच भाग, पंधरा-वीस मिनिटं, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी थोडं आंबलेलं वाटलं तर चालेल. काळेनिळे डाग पडले तर जोर जास्त झाला. सहा खेपांत काहीच फरक नसेल तर माझा हिशोब असा की दुखणं स्नायूचं नाही, डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीच्या आसपास खांदाच वर जाईनासा झाला, ज्याला चिनी लोक सरळ ‘पन्नाशीचा खांदा’ म्हणतात, तर महिने लागतात, आणि तिथे फिजिओथेरपीला पर्याय नाही.

राहिले तुमचे अंगठे. दाबताना अंगठ्याचं पहिलं पेर मागे वाकत असेल तर सहा महिन्यांत तोच दुखायला लागेल. अंगठा सरळ, बाकीची बोटं मुठीत, आणि मूठ त्याला टेकू म्हणून. दाब बोटांतून न आणता कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन पुढे टाका. मी हे उशिरा शिकलो. आता आईचे खांदे झाले की ती माझा हात ओढून घेते, अंगठ्याच्या बुडाशी तिचं बोट नेमकं जाऊन बसतं, आणि विचारते, “इथं का?”